पालथी झोप

व्हेंटिलेटरवरच्या धिप्पाड माणसाला नळीला धक्का न लावता पालथं करणं म्हणजे खायचं काम नव्हे. पाच जण लागले आणि सिस्टरच्या कंबरेचा काटा पार ढिला झाला. पण पाठीकडचं दबलेलं फुप्फुस मोकळं झालं आणि ऑक्सिजन जरा वर चढला.

भेटायला आलेली त्याची बायको दारातच थबकली. "असं पालथं? श्वास कोंडेल त्यांचा."

"असाच बरा चाललाय, काकू."

काकू स्टुलावर टेकल्या. "जन्मभर असेच झोपायचे. मीच मेली रोज ढोसून उताणं करायचे." त्यांनी नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. "झोपा. आता नाही हलवणार कुणी."

सकाळी त्याला पुन्हा उताणं करायचंच होतं. ते सांगायला सिस्टरची जीभ रेटेना.