आधी जबान, मग घडी

अय्याजला गाडीचं वेड आहे हे जवळा बाजार गावात कुणाला सांगावं लागत नव्हतं. त्याची जिप्सी लांबूनच ओरडून सांगायची. कापसाचा व्यापार करणाऱ्या त्याच्या वडिलांनी, मकबूल सेठनी, ती जुनी गाडी खेडोपाडी माल पाहत फिरायला घेतली होती. पोरानं तिच्यावर वेगळाच डाव मांडला. औरंगाबादेत मातीच्या ट्रॅकवर हौशी लोकांची शर्यत होणार, असं २००४च्या दिवाळीत पेपरात आलं आणि त्या दिवसापासून गड्याला दुसरं काही सुचेना.

शिकायचं कुठं? पल्लवीच्या वडिलांनी, शेषरावांनी, सोयाबीन काढून मोकळं झालेलं रान दिलं. पल्लवी ही अय्याजची शाळेपासूनची मैत्रीण. औंढ्याच्या शाळेत गणित शिकवायची आणि सुट्टीत घरचा ट्रॅक्टर हाकायची. तिनं एकच अट घातली, "गाडी मी पण शिकणार." अय्याज हसत हो म्हणाला. शिकेल चार दिवस नि कंटाळेल, असा त्याचा हिशेब. बावळट होता, दुसरं काय!

दोघांनी चुन्यानं रिंगण आखलं, वळणावर कडब्याच्या पेंढ्या रचल्या. सगळ्यांत खट्याळ वळण चिंचेखालचं. तिथं रान उतरतं होतं आणि गाडी बाहेर ओढली जायची. शिकवणारं कुणी नव्हतं. धडपडत, पेंढ्या उडवत दोघं शिकले आणि पल्लवी काही कंटाळली नाही. शर्यतीत मात्र एका गाडीला एकच चालक चालणार होता. दोघांतलं कोण जाणार, ते फेऱ्याला लागलेल्या वेळेवरून ठरवायचं असं त्यांनी आपसांत कबूल केलं.

म्हणून नेमसिंग काका आले. शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, जोड्यांची वेळ धरणारा हा माणूस. गळ्यात लाल दोरीला बांधलेली स्टॉपवॉचची घडी, भरदार मिशा आणि स्वतःचं कौतुक करायला दुसऱ्याची वाट न पाहण्याचा स्वभाव. "आख्ख्या जिल्ह्यात माह्यासारखा अंगठा न्हाई," असं ते भेटेल त्याला ऐकवायचे. पण त्यांची एक रीत खरंच वाखाणण्यासारखी होती. जोडी पळून आली की जोडी हाकणाऱ्याला ते चारचौघांत आधी विचारायचे, "तुझं तू सांग, कशी गेली?" त्याचं बोलणं पुरं झाल्याशिवाय मूठ उघडायची नाही. आधी जबान, मग घडी.

अय्याजला एवढा दम कुठला! पहिल्याच दिवशी त्यानं काकांना गळ घातली. "सरावात तरी आधी सांगा ना काका!" काका विरघळले आणि तिथंच पोरगं बिघडलं. आधी मातीवर चाकं कशी धरतात ते त्याला बुडाखाली कळायचं. आता डोक्यात नुसता आकडा. कालच्यापेक्षा कमी आला की तो नाचायचा, जास्त आला की पुढच्या फेऱ्यात अजून आंधळा व्हायचा.

पल्लवीचं निराळं. फेरा झाला की इंजिन बंद करून ती तो मनातल्या मनात पुन्हा फिरून पाहायची. मग म्हणायची, "चिंचेपाशी घाई केली. बाकी बरा गेला. आता सांगा काका." तिनं बरा म्हटलेला फेरा घडीतही बराच निघायचा. घडीला ती साक्षीपुरती बोलवायची, मालकीण स्वतःच राहायची. अय्याज पाहत राहायचा. जळायचाही, खोटं कशाला बोला. पण तिची गाडी वळणातून निघाली की त्याच्या तोंडून आपसूक "वा!" निघून जायचं.

गावाला त्यातलं काही दिसत नव्हतं. बांधावर बसणारी मंडळी वेग मोजायची धुराळ्यावरून. अय्याजच्या मागं ढग उठायचा, पल्लवीच्या मागं जेमतेम चार मुठी माती. "मास्तरीण हळू चालवून राहिली," असा निकाल रोज लागायचा. चाक घसरत नसलं की धुराळा उठत नाही, हे सांगून सांगून अय्याजचा घसा बसला.

निवडीसाठी ठरलेल्या रविवारी अर्धा बाजार रानात लोटला. मकबूल सेठ खुर्ची टाकून बसले. आधी पल्लवी गेली. आली तेव्हा म्हणाली, "माझ्याकडं होतं ते दिलं. शेवटच्या वळणावर जरासं राहिलं." काकांनी आकडा तळहातावर लिहून मूठ मिटली.

मग अय्याज. चिंचेपाशी तो इतका उशिरा वळला की गाडी आडवीच झाली. हातात काही उरलं नाही. आता पेंढ्यांत जाणार एवढ्यात मागचं चाक एका दणकट ढेकळावर आपटलं आणि गाडीचं तोंड आपोआप सरळ झालं. धुराळ्यातून तो बाहेर पडला तेव्हा रान शिट्ट्यांनी दणाणलं होतं.

"तुझं तू सांग," काका म्हणाले.

जिंकलो म्हणायची फार इच्छा झाली त्याला. औरंगाबादचं स्वप्न दोन बोटांवर होतं. पण जिभेवर ते येईना. "काका, पल्लवीचा फेरा माझ्याहून चांगला गेला."

"येडा झाला का रे!" कुणीतरी ओरडलं. काकांनी मूठ उघडली. अय्याज केसभर पुढं होता. लोकांनी त्याला उचलूनच घेतलं.

कसाबसा सुटून तो पल्लवीजवळ गेला. "तूच जा."

"काहून? घडीनं तुला दिलं. मला खैरात नको."

"मला न्हाई दिलं. त्या ढेकळाला दिलं."

पल्लवीला हसू आलं, पण ती हटली नाही. "मग पुन्हा जाऊ दोघं. तू म्हणतो तसं असंल तर दिसंल."

अय्याजनं या फेऱ्यात हात राखून धरला नाही. खरं जिंकायचं म्हणून तो जीव ओतून पळाला. चिंचेपाशी तसाच उशिरा वळला, ढेकूळ काही मदतीला आलं नाही आणि जिप्सी बोनेटपर्यंत कडब्यात घुसली. चार जणांनी ढकलून बाहेर काढली.

पल्लवी बसली आणि पुन्हा तशीच निघाली, शांत, गाडी अलगद हाताळत. आली नि म्हणाली, "मघासारखाच. शेवटचं वळण थोडं सुधारलं." काकांनी घडी तळहाताशेजारी धरली, मिशीवरून हात फिरवला आणि दोन्ही सगळ्यांना दाखवलं. तिची मघाचीच वेळ, फक्त डोळा मिटावा एवढी कमी. मग शेषराव एकटेच टाळ्या वाजवू लागले आणि हळूहळू सगळं रान वाजवू लागलं.

मकबूल सेठ तावातावानं पोराकडं आले. "गाडी आपली, आन चालवणार ती?"

अय्याजच्या केसांत अजून कडबा होता. हरल्याचं दुःख त्याला झालंच. पण पल्लवीकडं पाहताना त्याचा ऊर भरून आला होता आणि ते लपवायची त्याला गरज वाटली नाही.

"व्हय अब्बा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तिला चालवता येते."