लाल रेघेच्या पुढे

ट्रॅक्टरवाल्याने तुटलेला हूक शेडच्या उंबऱ्यावर असा आदळला, की आत खाटेवर बसलेल्या मिस्त्रींच्या बशीतला चहा त्यांच्या धोतरावर सांडला.

"घ्या मिस्त्री! बघा तुमच्या सुनेची करामत. भर चढावर ट्रॉली सुटली माझी, विटांनी भरलेली! मागं कुणी नव्हतं म्हणून निभावलं. नाहीतर आज मी तुरुंगात असतो, आणि माझ्या शेजारी तुम्ही!"

"हळू बोल," मिस्त्री म्हणाले. "मला दिसत नाही. ऐकू चांगलं येतं."

दोन वर्षांपूर्वी मिस्त्रींचे हात कापू लागले आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा वेल्डिंगचा होल्डर कुणी धरायचा हा प्रश्न घरात उभा राहिला होता. धाकटा मुलगा ट्रक घेऊन महिना महिना बाहेर. थोरल्याला ठिणगी पाहिली तरी अंग चोरायची सवय. होल्डर उचलला तो धाकट्या सुनेने. पहिले काही महिने लोक काम घेऊन येत नसत, नुसते बघायला येत. मग बघायला येताना कुणी तुटका नांगर आणू लागला, कुणी फाटकाची बिजागरी. सगळे तिला धाकटीच म्हणत. म्हणताना आधी जो हसू दाबलेला स्वर असे, तो हळूहळू विरत गेला होता. आज तो एका दणक्यात परत आला. दारात पाच-सात माणसे जमली होती आणि प्रत्येकाच्या तोंडावर 'आम्ही म्हणतच होतो' असे स्वच्छ लिहिलेले होते.

धाकटीने हूक उचलला, उन्हात धरला आणि वेल्डिंगच्या टाक्यावरून अंगठा फिरवला.

"अगं, बघतेस काय? तुटलाय तो!" ट्रॅक्टरवाला म्हणाला.

"तुटला नाही," ती म्हणाली. "निघालाय."

जखमेवरची खपली निघावी तसा अख्खा टाका एका बाजूने सुटून आला होता. हुकाची जाड पट्टी जशीच्या तशी होती. तिच्यावर ग्राइंडरने ओढलेले ओरखडेसुद्धा पुसले गेले नव्हते. म्हणजे पट्टी कधी वितळलीच नव्हती. रॉडचे वितळलेले लोखंड तिच्यावर नुसते बसून राहिले होते, पाहुण्यासारखे.

तेवढ्यात थोरला आला. त्याला बातमी वाटेतच कळलेली होती, आणि आनंद लपवण्याइतकाही वेळ मिळालेला नव्हता.

"झालं समाधान? मी वर्षभर ओरडतोय. उद्या दुपारी भंगारवाल्याचा टेम्पो येतोय. मशीन जाईल आणि शेडमध्ये माझी खताची पोती लागतील. कुणाचा जीव जाण्याआधी हा खेळ बंद."

"भावजी, मशीनचं काय चुकलं ते तरी कळू द्या."

"मशीनचं काही चुकलेलं नाही!" मिस्त्री कडाडले. त्यांना शांतपणे वाद घालता येत असे, फक्त खुणांचा विषय सोडून. "तीस वर्षं त्या खुणांवर काम केलंय मी. एकही टाका परत आलेला नाही. खूण चुकत नाही, हात चुकतो."

मशीन होते जुन्या घडणीचे, लोखंडी कपाटाएवढे. पोटात तेल, पायांना चाके, डोक्यावर एक हँडल. हँडल फिरवले की पुढच्या खाचेतला काटा सरके आणि करंट कमीजास्त होई. काट्याशेजारचे आकडे कधीच पुसून गेले होते. त्यांच्या जागी मिस्त्रींनी छिन्नीने तीन खुणा कोरल्या होत्या: पहिली पत्र्याची, दुसरी अँगलची, तिसरी जाड पट्टीची. तिसरीच्या पुढे लाल रंगाची एक रेघ होती. तिच्यापुढे काटा न्यायचा नाही, ही या शेडची आज्ञा. धाकटीने सासऱ्यांकडून पहिल्या दिवशी होल्डर घेतला तो या आज्ञेसकटच.

"मामंजी, हात चुकला असता तर टाका वाकडा पडला असता. हा सरळ आहे. फक्त धरलेला नाही. काटा तिसऱ्या खुणेवर होता, आणि आच पहिल्या खुणेची मिळाली."

"असं होत नाही."

"झालंय. माझ्या हातात आहे."

बघ्यांपैकी कुणीतरी फिस्सकन हसले. थोरला म्हणाला, "आता ही तुम्हाला शिकवणार!" आणि पोत्यांसाठी भिंत मोजायला लागला.

माणसे पांगली, तरी धाकटी तिथेच उकिडवी बसून राहिली. गेल्या आठवड्यात तिने विहिरीवरची जाड पट्टी याच खुणेवर जोडली होती. त्या टाक्यावर घण मारला तरी तो हलला नसता. ते काम निकडीचे म्हणून एकदाच, गोठा तसाच टाकून, उजाडताना केलेले होते. हूक जोडला होता भर दुपारी. तेव्हा रॉड सारखा चिकटत होता आणि तिने दमट रॉडला शिव्या घातल्या होत्या. मग दोन्हींत फरक कसला? तिने मान वर केली. आढ्याला दिवा लटकत होता. भर दुपारी तो जळत होता खरा, पण पिकल्या फळासारखा लालसर, मलूल.

"मामंजी, जाड काम तुम्ही कधी करायचात?"

"उजाडायच्या आत. माझ्या उस्तादांचीही तीच शिस्त. उन्हात जाड काम करून मरायचंय का?"

"ऊन नव्हतं हो कारण. दहा वाजले की शिवारातले सगळे पंप सुरू होतात. दिव्याचा जीव जातो, तसा मशीनचाही जातो. तुमच्या खुणा खऱ्या आहेत, पण त्या पहाटेच्या आहेत."

तीस वर्षे आपण वेळ पाळली आणि श्रेय खुणेला दिले, हे गिळायला मिस्त्रींना अवघड जात होते. अखेर ते म्हणाले, "मग सोपं आहे. उद्या पहाटे उठ, तिसऱ्या खुणेवर हूक जोड आणि टाक त्या ट्रॅक्टरवाल्याच्या पुढ्यात. वाद मिटला."

"पहाटे गोठा कोण बघणार? पाणी कोण भरणार? भावजींच्या मुलांचे डबे? माझी सकाळ या घराने कधीच वाटून घेतलीय, मामंजी. मशीनपाशी यायला मला दुपारच होते. चोरून पहाटे केलेल्या टाक्याने उद्याचा दिवस निघेल. परवा काय करू? मी दुपारीच करणार. पंप चालू असताना. सगळ्यांसमोर."

"करंट कुठून आणशील?"

"रेघेच्या पुढून."

"खबरदार! आतली तारेची गुंडाळी जळेल. तेल उकळेल."

"काटा पुढे गेला म्हणजे आच पुढे गेली असं नाही. येणारी वीजच अर्धमेली आहे. तिला पुढे ढकललं, तेव्हा कुठे ती तुमच्या तिसऱ्या खुणेला पोचेल."

हा युक्तिवाद बिनतोड होता. मिस्त्रींना तो पटलाही होता, आणि म्हणूनच ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

धाकटीने भंगारातली जाड पट्टी ओढली. काटा लाल रेघेवर आणला आणि तिथून हँडल अर्धा वेढा पुढे घेतले. रॉड चिकटला. आणखी अर्धा वेढा. ठिणगी पेटली, पण खोकत खोकत. आणखी अर्धा, आणि कढईत एकसारखे तळण चालावे तसा भरीव, अखंड आवाज शेडभर पसरला. भिंतीकडे तोंड केलेल्या मिस्त्रींचा कान हलला. तिने तळहात मशीनच्या कुशीला लावला. कोमट होती, इतकेच. टाका गार झाल्यावर तिने पट्टी शिकंज्यात धरून वाकवली. पट्टी वाकली, टाका सुटला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेडपुढे जत्रा भरल्यासारखी गर्दी होती. एका बाजूला भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर पाय टाकून वाट बघत होता. थोरल्याने दोर तयार ठेवले होते.

"शेवटची हौस करून घे," तो म्हणाला.

"घेते. तुम्ही तोवर दोर सरळ करा. गुंता झालाय."

तिने आढ्याचा दिवा वायरीसकट खाली घेऊन काट्याशेजारी टांगला, लालसर उजेड पाहिला आणि मामंजींना ऐकू जाईल असे "दीड वेढा" म्हणत हँडल रेघेपुढे तेवढे फिरवले. गर्दीतून एक "अरे अरे" उठले. लाल रेघेची आज्ञा साऱ्या गावाला पाठ होती. मिस्त्री खाटेवर ताठ बसले होते, मान आवाजाच्या दिशेने कलती.

पहिला थर उत्तम बसला. तिने वरचा काळा पोपडा हातोडीने उडवला, मशीनला क्षणभर विसावा दिला आणि दुसरा थर धरला. तो निम्म्यावर आला असेल, तोच आवाज बदलला. तळणाचे सूर गेले आणि नवे कापड टरकन फाडल्यासारखा कर्कश फाडफाडाट सुरू झाला. तोंडावरच्या काळ्या काचेआडून तिला वितळलेले लोखंड पसरताना दिसले. आणखी दोन श्वासांत पट्टीला भोक पडले असते.

"मागे घे!" मिस्त्री ओरडले.

पण रॉड आधीच उचलला गेला होता. तिने काच वर केली. दिवा पांढराफेक जळत होता.

"पंप कुणी बंद केले?"

ट्रॅक्टरवाला छाती फुगवून पुढे आला. "मीच करायला लावले! तुझं पंपांचं बोलणं कानावर आलं, काल रात्रभर विचार केला. म्हटलं, बाईमाणसाला वीज पुरत नाही म्हणून काम बिघडतंय, तर तेवढी मदत करू. शिवारभर निरोप धाडला."

"मी मागितली होती मदत?"

"नाही, पण..."

"मग लहान पोरीच्या हातची कात्री ओढून घ्यावी तसं मधेच काय ओढता? आत्ता भोक पडलं असतं आणि तुम्हीच म्हणाला असता, बघा, हात चुकला! जा, सगळे पंप चालू करायला सांगा. एकही बंद नको."

"अगं, पण विजेला जोर आहे तोवर उरकून घे की!"

"जोर असताना कुणीही करेल. चालू करा!"

गर्दी हसली, पण हे हसू कालचे नव्हते. निरोप गेले, पंप एकेक करून लागले, दिवा मलूल होत गेला. ती त्याच्याकडे बघत हँडलवर हात ठेवून उभी राहिली. दिवा पूर्ण लालसर झाला, तेव्हाच तिने काच खाली ओढली आणि राहिलेला टाका पुरा केला.

हूक गार झाल्यावर ट्रॅक्टरवाल्याने स्वतः घण उचलला. पाच घाव घातले. पट्टीला बाक आला. टाका हूं की चूं करेना. तरी त्याचे मन धजेना. मग ट्रॉली जोडली, विटा भरल्या आणि सारा लवाजमा चढापाशी गेला. ट्रॅक्टर गुरगुरत चढू लागला, तशी धाकटी ट्रॉलीच्या बरोबर मागून चालू लागली.

"बाजूला हो, बाई! सुटली तर खाली सापडशील!"

"तुम्ही पुढं बघा. मागचं मी बघते."

ट्रॉली विटांसकट माथ्यावर पोचली. ट्रॅक्टरवाला खाली उतरला, त्याने हुकाकडे बघितले आणि टोपी काढून घाम पुसला. कालचे शब्द त्याने परत घेतले नाहीत, फक्त म्हणाला, "नांगराचा फाळ आणतो उद्या. दुपारीच."

शेडमध्ये परतल्यावर मिस्त्रींनी तिच्याकडे हात पुढे केला. कापणाऱ्या मुठीत छिन्नी होती.

"रेघेपुढे दीड वेढा म्हणालीस ना? चौथी खूण कोर. माझ्याच्याने होणार नाही."

"नको, मामंजी. आज दीड, उद्या एक. चौथी खूण कोरली तर पुढचं माणूस तिच्यावर विश्वासून फसेल, मी तिसरीवर फसले तसं."

"मग पुढच्याने बघायचं काय?"

"दिवा बघायचा. आणि ऐकायचं. तुम्ही आज ऐकलंत तसं."

मिस्त्री पुटपुटले, "मी काय, अंदाजाने ओरडलो." पण छिन्नी त्यांनी उशाखाली सरकवली.

थोरला दारात दोराचे वेटोळे हातात घेऊन उभा होता. "टेम्पोला काय सांगू आता? दुपार फुकट गेली त्याची."

धाकटीने बाहेर नजर टाकली. टेम्पोच्या मागच्या फळीची कडी तुटलेली होती; फळी तारेने बांधून ठेवली होती.

"त्याला म्हणावं, गाडी उलटी घे आणि मागची बाजू दारापाशी आण," ती म्हणाली.

थोरल्याचा चेहरा उजळला. "मशीन चढवायचं?"

"कडी जोडायची," ती म्हणाली आणि दिव्याकडे बघत तिने हँडलला हात घातला.