आसुंताचा हिस्सा

"नो साइन," मी कुंपणावरून आसुंताला सांगितलं. "पेन खाली."

इथे परदेशात, आमच्या पॉइंट कुकच्या रस्त्यावर, तेव्हा चिटपाखरू नव्हतं. लॉकडाऊन. घरात पाहुणा घ्यायचा नाही, म्हणून आमची मैत्री लाकडी कुंपणाच्या दोन बाजूंनी चालायची. शेजारीण मूळची इटलीची, माझ्याच वयाची, माझ्यासारखीच विधवा. तिचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून. भांडायला तेवढं पुरतं.

तिकडे तिचा भाऊ कोरोनाने गेला. हिला जाता आलं नाही. त्याची माती सुकते न सुकते तोच भाच्याने कागद धाडले: आजोबांपासूनच्या द्राक्षमळ्यातला हिस्सा आत्याने सोडावा, म्हणजे सगळा मळा एका बड्या कंपनीला विकता येईल.

तो मळा तिने मला कितीदा तरी ऐकवला होता. डोंगरउतारावर वेली, धुकं पडू लागल्यावर उशिरा पिकणारी काळी द्राक्षं, आणि त्यांची तांबडी वाइन. ती मोठ्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरते, लोणच्यासारखी. बाटलीवर त्यांच्या घराच्या दगडी जिन्याचं चित्र. मी दारूला शिवत नाही. पण त्यातल्या कुठल्या पायरीवरून ती लहानपणी पडली, ते मला ठाऊक आहे.

"ही बॉय," आसुंता म्हणाली. "आय गिव्ह. देन आय गो, ही गिव्ह बेड."

हिस्सा दिला तर भाचा घरात थारा देईल. अगदी हेच मीही एकदा म्हणाले होते. वडील गेल्यावर भाऊ मला तासगावला कचेरीत घेऊन गेला आणि बागेचं हक्कसोडपत्र पुढे केलं. चौथी शिकलेली मी. सही येते याचाच तोरा. केली. माहेर राहिलं पाहिजे ना. साडी मिळाली, पुरणपोळी मिळाली. मग भावाने बाग विकली आणि तिथे मंगल कार्यालय झालं. पुढे एका लग्नाला मी त्यात गेले. वडिलांच्या बागेत परक्यांवर अक्षता टाकल्या, पंगतीला बसले, तर वाढपी विचारतो, "मावशी, तुम्ही कुणाकडच्या?"

हे सगळं मी सुनेकडून, देवयानीकडून, आसुंताला इंग्रजीत सांगवलं. तिने सांगितलं, आणि मग मराठीत मला सुनावलं, "आई, दुसऱ्यांच्या प्रॉपर्टीत आपण कशाला पडायचं?"

"उद्या तुझा भाऊ बोलावेल ना कचेरीत, तेव्हा विचार मला," मी म्हटलं.

रविवारी भाच्याचा व्हिडिओ कॉल होता. आसुंताने टॅब कुंपणाला टेकवून ठेवला. मी अलीकडे, त्याला दिसणार नाही अशी. इटालियनमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण क्रम ओळखीचा होता. आधी लाडाचा आवाज. मग वारलेल्या बापाची आठवण. मग आत्याचं वय आणि तिचे गुडघे. मी हळूच म्हटलं, "नाऊ क्राय."

आणि भाच्याने खरंच चष्मा काढून डोळे पुसले.

आसुंताला हसू फुटलं. आवरेना. भाऊ गेल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती. मग तिने तोंड पुसलं, ताठ झाली आणि म्हणाली, "नो." त्यापुढे जे काय बोलली ते असं बोलली, की देवयानी हातातली कणीक तशीच घेऊन खिडकीशी येऊन उभी राहिली.

अर्धा मळा कंपनीला नको होता. सौदा मोडला. भाचा रुसून शहरात गेला, आणि त्याची धाकटी बहीण, जिची सही त्याने आधीच घेऊन ठेवली होती, ती आत्याच्या हिश्श्यात मळा कसायला उतरली. त्या वर्षीची वाइन अजून पिंपातच आहे. घाई करून चालत नाही म्हणे.

मग विमानं सुरू झाली आणि आसुंता निघाली. पाहुणी म्हणून नव्हे, मालकीण म्हणून.

आता तिच्या दारातून जायला कुणाची मनाई नव्हती, तरी सवयीने मी कुंपणाशीच गेले. ताटात तांदूळ, नारळ, खण. देवयानी मागून कुजबुजली, "आई, ओटी? त्या विधवा आहेत."

"मीही आहे," मी म्हटलं. "ताट धर."

आसुंताला काही समजावावं लागलं नाही. तिने अंगावरचा एप्रन दोन्ही हातांनी पुढे पसरला. तांदळावर नारळाचं वजन पडलं तसं कापड खाली गेलं, आणि तिने त्याच्या कडा मुठीत घट्ट धरल्या.