लोण्याचा वास

ग्लासच्या आतल्या बाजूला तपकिरी फेसाची बारीक कड चिकटून राहिली होती, खाली सरकत नव्हती. उन्नतीने ग्लास खिडकीकडे धरला. रंग काळा म्हणावा तर तळाशी लाल, जुन्या गुळाचा. जुन्या पद्धतीची कडक, काळी एल बिअर. सौरवने एकट्याने काढलेली पहिली बॅच. तिने नाक जवळ नेलं. भाजलेले सातू, खारीक, आणि मागून... लोणी.

टाकी घाईने थंड केली होती याने. अजून दोन दिवस उबेत ठेवली असती, तर यीस्टनेच हा वास गिळला असता.

"काहून असं तोंड करून राहिली वं? मेलं का कोणी?" दारातून सौरव.

"तू बाहेर हो गा, बाप होणाऱ्यावानी दारात नको उभा राहू," ब्रुअरीचे ओमप्रकाश सर म्हणाले. "डिलिव्हरी रामदासपेठेच्या दवाखान्यात होते, हिंगण्याच्या कारखान्यात नाही." मग तिच्याकडे वळून, "तुझ्या नाकावर आहे. चांगली असंन तर बाटलीत, नाही तर नालीत."

तिने घोट गिळला. बिअर थुंकून चालत नाही, कडूपणा घशाशीच कळतो. नालीत गेली तर सौरव कन्हानला, बापाच्या दुकानात परत जाणार, तसं कालच कामावरच्या बसमध्ये म्हणाला होता, हसत—आणि त्या बसमध्ये माझ्याशी दुसरं बोलतं तरी कोण? जुन्या पद्धतीत थोडं लोणी चालतं, पुस्तकात आहे. थोडं म्हणजे किती? मागच्या महिन्यात दुसऱ्या एका बॅचला हाच वास होता, इतकाच. कोणाची ते माहीत नव्हतं, तेव्हा मी दुसऱ्याच घोटात ती नापास केली होती... की तो जास्त होता? जास्तच असेल.

तिसऱ्या घोटाला लोणी लागेना. नाक थकलं असेल. नाक थकलं की स्वतःच्या कातडीचा वास घ्यायचा, असं शिकवलेलं. तिने मनगट नाकाशी नेलं. चाखायच्या दिवशी तेल नाही, पावडर नाही, फोडणी नाही. मनगटाला कसलाच वास नव्हता, जणू तिथे कोणी राहतच नव्हतं.

पुन्हा ग्लास. लोणी, स्वच्छ, उबदार.

"बोल, पोरी," सर म्हणाले.

तिने ग्लास खाली ठेवला. लोणी जास्तच होतं, शंका उरली नव्हती. आणि शंका होती तोवर या खोलीत आपल्यासोबत कोणीतरी होतं, हे तिला आता कळत होतं.