हळदीच्या अर्जावर देवीची सही

रविवारी सकाळी पांडेसऱ्याच्या मिलवस्तीतल्या आमच्या सोसायटीच्या चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. मांडवात योगराज महाराज बसलेले, समोर पाण्याने भरलेला तांब्या आणि हळद फासून वाळवलेल्या अर्जांचा ढीग. महाराजांनी एक अर्ज उचलला, तांब्यातलं नितळ पाणी त्यावर शिंपडलं आणि पिवळा कागद बघता बघता लाल झाला.

"ठराव मंजूर!" महाराज गरजले. "खालची, पालिकेची समिती बसते महिन्यातून एकदा. माझ्या देवीची समिती चोवीस तास चालू! ही बघा तिची सही!"

बायकांनी पदर पसरले, पुरुषांनी मोबाइल वर धरले. सगळ्यात पुढे हात जोडून मी उभा होतो. मी, भाईदास, बावीस वर्षांपासून कापड रंगवणाऱ्या मिलमधला डाइंग मास्टर.

अर्ज आमच्या मुलांच्या शाळेसाठी होते. पालिकेच्या मराठी शाळेतले सहावी ते आठवीचे वर्ग नव्या बजेटमध्ये बंद करायचे आणि मुलांना हायवेपलीकडच्या शाळेत घालायचं, असा प्रस्ताव आला होता. माझी मनीषा पाचवीत आहे. हायवे ओलांडून मुलीला रोज कोण पाठवणार? आमच्याकडे अशी मुलगी घरी बसते आणि साड्यांना टिकल्या चिकटवते. म्हणून शाळेच्या उज्ज्वलाबाई दारोदार फिरल्या होत्या. तीस पालकांचे हरकतीचे अर्ज मंगळवारी संध्याकाळपर्यंत पालिकेच्या कचेरीत पोचले तर सुनावणी होईल, असं त्यांनी बजावून सांगितलं होतं.

अर्ज आम्ही लिहिले आणि महाराजांना देऊन आलो! कचेरीत कागद गहाळ होतात, देवीकडे होत नाहीत, असं ते म्हणाले आणि आम्हाला पटलं. प्रत्येक अर्जामागे देवीला एक कोरी साडी. गावभर साड्या छापणाऱ्या माणसांना ती काय जड?

गर्दीत दोघं-तिघं कुजबुजत होते, हे महाराजांनी हेरलं. "कोणी जाणकार आहे का? या, पाणी तपासा!"

"भाईदासभाई, तुम्ही जा ना!" लोकांनी मला पुढे ढकललं.

मीही ऐटीत गेलो. पाणी उजेडात धरलं, हुंगलं, बोटं बुडवली. बोटं बुळबुळीत लागली. देवीच्या पाण्याचा स्पर्शच निराळा, असं मला वाटलं. मग छाती फुगवून जाहीर केलं, "बावीस वर्षं रंगात काढलीत. या पाण्यात रंगाचा कणही नाही!"

टाळ्या पडल्या. कुजबुजणाऱ्यांनीही अर्ज देऊन टाकले.

दुपारी घरी आलो. शर्टावर हळद सांडली होती. बायको कलाबाईने तो घमेल्यात घेतला, साबण घासला आणि ती हसतच सुटली.

"माय वं! देखा, तुमना शर्टवरबी देवीनी सही व्हयनी!"

पिवळा डाग लाल झाला होता.

"हळदना डागले साबन लागना का तो लाल व्हस. कपडा धोणारी कोणतीबी बाई सांगी. तुमी कसाना मास्टर?"

मी मटकन खाली बसलो. मिलमध्ये रोज माझं काम काय? धुतलेल्या कापडावर औषधाचा थेंब टाकायचा. तो गुलाबी झाला की कापडात सोडा शिल्लक आहे असं समजायचं आणि ते पुन्हा धुवायला लावायचं. सोड्याचं पाणी नितळ दिसतं, बोटांना बुळबुळीत लागतं, हे मी नव्या पोरांना शिकवतो. पाण्यात रंग नव्हता, हे खरंच होतं. रंग हळद बदलत होती! आणि माझ्या शब्दाने चाळीस घरांचे अर्ज मांडवातच अडकले होते. मला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"बसी काय राह्यनात? चला," कलाबाई म्हणाली. तिने धुण्याचा सोडा आणि दोन लिंबं घेतली.

चौकात महाराज आणि गर्दी अजून होतीच. मी सोडा पाण्यात विरघळवला आणि हळदीच्या कागदावर शिंपडला. कागद लाल. कलाबाईने वर लिंबू पिळलं. कागद परत पिवळा.

"देवी रुसली!" महाराज ओरडले. "पाप्याचा हात लागला!"

"मंग तुमना हातवरना कागद द्या," कलाबाई म्हणाली आणि महाराजांच्या लाल अर्जावर तिने लिंबू पिळलं. देवीची सहीही पुसली गेली. लोक हसू लागले. महाराजांपेक्षा मलाच जास्त हसले आणि ते बरोबरच होतं. त्या गोंधळात महाराज साड्यांचं गाठोडं घेऊन रिक्षात बसले.

हळदीने बरबटलेले अर्ज कचेरीत चालण्यासारखे नव्हते. सोमवारी मी सुट्टी टाकली आणि उज्ज्वलाबाईंबरोबर दारोदार फिरून नवे अर्ज लिहून घेतले. सहा घरांनी दिले नाहीत. देवीची मंजुरी आली आहे, आता कशाला, असं ते म्हणाले. मंगळवारी कचेरी बंद व्हायच्या आत चौतीस अर्ज जमा झाले.

सुनावणीत समितीच्या एका सभासदाने विचारलं, "सगळे अर्ज शेवटच्याच दिवशी कसे?"

मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. सभागृह खो खो हसलं. मी खाली मान घालून ऐकून घेतलं. वर्ग या वर्षी चालू राहतील, असं ठरलं. पुढच्या वर्षी बजेट पुन्हा येणार, आम्हालाही पुन्हा जावं लागणार.

तुम्हाला एवढंच सांगतो. देवीला हात जोडायचे तर खुशाल जोडा, पण अर्ज कचेरीतच द्या आणि शिक्का मारलेली प्रत हातात घेतल्याशिवाय तिथून हलू नका. आणि पोटापाण्यासाठी जे रोज वापरता ते ज्ञान मांडवाबाहेर चपलांबरोबर काढून ठेवू नका. मी ठेवलं होतं, आणि त्यात माझ्या मुलीची शाळा जात होती.