म्हणे, मी अस्तित्वात नाही!

मी सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस बोलतेय. अंकांत लिहा: ७३९३९१३३. माणूस बोटं मोजायला शिकला, त्याच्याही आधीपासून मी आहे. पण माणसांच्या हाती लागून माझी जी परवड झाली, ती आठवली तरी शिसारी येते.

मी मूळ संख्या. एक आणि मी स्वतः, याखेरीज मला कुणी पूर्ण भागू शकत नाही. माझा शेवटचा अंक पुसा; उरते तीही मूळच. असं पुसत पुसत साताशी या, मधली एकही भागली जात नाही. माझ्याहून मोठ्या कुठल्याच संख्येला हे जमत नाही.

आणि मी येऊन पडले कुठे? तर एका किल्लीवाल्याच्या फोनवर. रिसीव्हरवर तेलाचा थर, त्यात चिकटलेला लोखंडाचा कीस. शी! सोसलं ते अक्कासाठी. अक्का त्याची थोरली बहीण, गणिताची निवृत्त शिक्षिका. मला पाहून तीच हरखली होती, "अरे, कसला नंबर मिळालाय तुला, ठाऊक आहे का?" पुढे आजारपणात तिला भावाचं नाव, घराचा पत्ता, काहीच आठवेना. मी तेवढी राहिले.

मग एक अंकज्योतिषी आला. करंगळीच्या नखानं कानातला मळ काढत, तेच नख माझ्या एकेका अंकावर टेकवत त्यानं माझी बेरीज केली. "अडतीस. तीन नि आठ अकरा. एक नि एक दोन. दोन तुम्हाला लाभत नाही, म्हणून गिऱ्हाईक टिकत नाही."

अहो, किल्ल्या कुलपात अडकायच्या, म्हणून टिकत नव्हतं!

"अक्कांना तेवढाच नंबर आठवतो हो," किल्लीवाल्याची बायको म्हणाली.

"ती जाते कुठे घराबाहेर?" म्हणत नवऱ्यानं नंबर बदलला.

त्याच आठवड्यात अक्का बाहेर पडली आणि वाट चुकून बस आगारात जाऊन बसली. रखवालदारानं विचारलं, तर तिनं मला घडाघडा म्हणून दाखवलं. त्यानं फोन लावला. यंत्रातली बाई म्हणाली, "हा क्रमांक अस्तित्वात नाही."

मी! अस्तित्वात नाही!

"खोटा नंबर देतेस होय, म्हातारे?" तो खेकसला.

अक्का रडवेली झाली. "नाही हो. हा खोटा असूच शकत नाही."

किल्लीवाला शोधत पोचला, तेव्हा ती बाकावर कुडकुडत होती. तिनं त्याला ओळखलं नाही. तो तिथंच ढसाढसा रडला. मला त्याची कीव नाही, किळस आली.

तो मला परत मागायला गेला, तोवर मी उंदीर मारणाऱ्याकडे गेले होते. आता औषधाच्या पुड्यांवर मेलेल्या उंदराच्या शेपटीखाली छापलेली असते. किल्लीवाल्यानं त्याच्यापुढे हात जोडले आणि सगळं सांगितलं.

वाचकहो, मला कुठंही छापा, पण माझ्यात तुमचं नशीब चिवडू नका.

परवा एका दवाखान्यातून फोन आला. "इथं एक बाई बसल्यात. नाव सांगत नाहीत, हाच नंबर सांगतायत."

उंदीरवाल्यानं बरबटलेल्या हातमोज्यानंच रिसीव्हर धरला होता. "त्यांना खुर्ची द्या," तो म्हणाला, "आणि सांगा, नंबर बरोबर आहे. त्यांच्या भावाला मी आत्ता घेऊन येतो."