मी अडकलो नव्हतो

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी कुलूप आहे. तळहाताएवढा आकार, चांगलं मजबूत अंग. सध्या मी काचेच्या पेटीत, निळ्या मऊ कापडावर पडून असतो. एवढ्या मानाची जागा मिळालेली वस्तू सहसा बढाया मारते. मला मात्र माझी गोष्ट सांगताना मान वर करवत नाही. कुलपाला मान नसते म्हणा, पण लाज असते, हे मी स्वानुभवाने सांगतो.

मला घडवणारा कारागीर मोजकं बोलणारा होता. त्याने माझ्या पोटात सहा खटके बसवले, चावी शंभरदा फिरवून पाहिली आणि मग कुठे मला दुकानात पाठवलं. तिथून मला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्याच्या मालकांनी नेलं. कारखाना कसला, एक लांबलचक खोली! एका भिंतीशी पुठ्ठ्यांच्या थप्प्या, मधे कापायचं यंत्र आणि मागच्या दाराशी खळ शिजवायची शेगडी. बारा बायका तिथे बसून खोकी चिकटवायच्या.

माझी नेमणूक त्या मागच्या दाराला झाली, तीही बाहेरच्या बाजूने. दारापलीकडे अंगण होतं, नळ होता, थोडी सावली होती. बायका पाणी प्यायला जायच्या आणि घटकाभर टेकायच्या. मालकांच्या डोळ्यांत ते खुपायचं. "पाणी प्यायला जातात आणि गप्पा पिऊन येतात," असं ते म्हणायचे. मग काम सुरू झालं की मला लावायचं आणि संध्याकाळी काढायचं, असा शिरस्ता पडला. चावी मालकांच्या खिशात.

खरं सांगतो, मला त्याचा गर्व होता. दर शनिवारी मालक स्वतःच्या हाताने मला तेल घालायचे. आल्यागेल्याला सांगायचे, "माणसं दगा देतील, हे देणार नाही." मी फुगून जायचो. आतून कोणी दार ढकललं तर मी अंग आणखी आवळून धरायचो. आत बायका घामाघूम होतात, हे मला ऐकू येत होतं. पण ते बघणं माझं काम नव्हे, असं मी स्वतःला बजावायचो.

एका दुपारी शेगडीची ठिणगी कागदाच्या कातरणांवर पडली. मालक तेव्हा चावी खिशात घेऊन घरी जेवायला गेले होते. अकरा जणी पुढच्या दाराने कशाबशा बाहेर पडल्या. खळ शिजवणारी बाई मागच्या दाराशी होती आणि तिची पुढची वाट आगीने अडवली. ती दारावर धक्के देऊ लागली. मित्रांनो, ते धक्के मी अजून विसरलेलो नाही. चावी एकदा फिरली असती तर मी क्षणात उघडलो असतो. मालक धापा टाकत आले, तेव्हा धक्के थांबले होते.

त्या संध्याकाळी मालकांनी मला परसात नेऊन माझ्यावर मिठाचं पाणी ओतलं. पुढे आठ दिवस रोज ओतलं. चौकशीचे साहेब आले तोवर मी तांबडालाल झालो होतो.

"मी दाराशीच होतो, साहेब," मालक म्हणाले. "चावी फिरवून फिरवून बोटं सोलली. कुलूपच अडकलं, त्याला मी काय करू?"

साहेबांनी मला चिमटीत धरलं, नाक मुरडलं आणि लिहून घेतलं, 'गंजलेलं कुलूप'. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मला क्षणभर वाटलं. पण मी कसला संन्यासी! दार धरून तर मीच बसलो होतो.

गेलेल्या बाईला चौदा वर्षांची मुलगी होती. मालकांनी तिला आईच्या जागी कामावर घेतलं. लोक म्हणाले, केवढं मोठं मन! ती मुलगीही तसंच म्हणत मोठी झाली. मला मालकांनी कपाटात टाकलं आणि तिथे मी वर्षानुवर्षं धूळ खात पडलो.

मालक गेले. आता त्यांची नात कारखाना चालवते. ती मुलगी साठीला टेकली आहे आणि सगळ्यांची मावशी झाली आहे. नातीला तिनेच अंगाखांद्यावर खेळवलं. आजोबांनी बोटं सोलेपर्यंत चावी फिरवली, ही गोष्ट ऐकतच नात वाढली. म्हणून तिने मला चावीसकट या पेटीत ठेवलं आणि खाली पाटी लावली, 'अडकलेलं कुलूप'.

गेल्या महिन्यात तिने मला साफ करायला चावीवाल्याला बोलावलं. त्याने तोंडावरचा गंज खरवडला, चावी घातली आणि फिरवली. खट्! मी उघडलो. त्याने मला खोलून आत पाहिलं.

"ताई, हे कधी अडकलंच नव्हतं," तो म्हणाला. "आतलं वंगण बघा, जसंच्या तसं आहे. कोणीतरी वरून पाणी ओतून गंज चढवलाय."

नातीचा चेहरा उतरला. तिने आपल्या बाबांना माझ्यासमोरच गाठलं. ते टेबलाची कड चाचपत राहिले.

"ते जेवून झोपले होते," अखेर ते म्हणाले. "मी दहा वर्षांचा होतो. मीच हलवून उठवलं त्यांना."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"काय बोलणार? त्यांचं त्यांच्याबरोबर गेलं. तू तर तेव्हा जन्मलीही नव्हतीस. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाळा. मावशीला या वयात कशाला दुखवतेस?"

पुढचे तीन दिवस मावशी रोज नातीसाठी चहा घेऊन यायची आणि नेहमीसारखं म्हणायची, "तुमच्या घराने मला उभं केलं गं, चिमणे." चहा तसाच गार व्हायचा. खरं सांगितलं तर मावशी कायमची तुटेल, आणि नाही सांगितलं तर हे आभार रोज फुकटात घ्यावे लागतील, असा तिला पेच पडला होता. चौथ्या दिवशी तिने मावशीला माझ्यासमोर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं.

मावशी चष्मा काढून पुसत राहिली. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

"म्हणजे माझी आई दार वाजवत होती आणि मी जन्मभर त्यांचे आभार मानले," ती म्हणाली.

"मावशी, मला माफ कर."

"तुला कशाची माफी? तू होतीस कुठे तेव्हा? त्यांनी केलं ते त्यांचं. त्यांच्या वतीने माफी मागू नकोस, ती त्यांनीच मागायची होती."

नातीने सुटकेचा निःश्वास सोडला. लाजेने सांगतो, मीही सोडला. मुलांवर पूर्वजांचं पाप नाही, तर बिचाऱ्या कुलपावर तरी कसं असेल, असं मी मनात जुळवून टाकलं.

मावशी उठली, दारापर्यंत गेली आणि वळली.

"एक विचारू? मागच्या दाराला आत्ता कुलूप आहे का गं?"

नात माझ्या पेटीवरची धूळ पुसू लागली.

"आहे ना?"

"माल चोरीला जातो, मावशी... आणि पहिल्यापासून तसंच चालत आलंय."

"आज कोणी लावलं?"

"मीच. सकाळी."

"आणि चावी?"

नातीचा हात आपोआप खिशाकडे गेला. तिथे तो तसाच राहिला आणि ती लहान मुलीसारखी रडू लागली. मग ती धावतच मागे गेली. इतक्या दुरून, काचेतूनही, मला तो आवाज ऐकू आला. माझ्या जागेवर लावलेलं नवं कुलूप उघडत होतं.

मित्रांनो, त्या दारातून मावशी अंगणात गेली ती परत आत आली नाही. उद्या येईल का, नातीला ठाऊक नाही, आणि बोलवायचं तोंडही तिला उरलेलं नाही. आजोबांचं पाप नातवंडांच्या माथी येतं का, हे मोठ्या लोकांना विचारा, मी पडलो कुलूप. पण आजोबांची सवय मात्र नातवंडांच्या हातात न विचारता येते, एवढं मी पाहिलं. म्हणून तुमच्या घरातून, शाळेतून, कामाच्या जागेतून चालत आलेली एखादी चावी तुमच्या हाती पडली, तर ती फिरवण्याआधी एकदा दाराला कान लावा. आत कोणी आहे का, ते ऐका. मला ऐकू येत होतं, तरी मी घट्टच राहिलो.